बोटांचा बंदोबस्त

ज्या पात्याची लांबी ९ इंचांहून किंवा रुंदी २ इंचांहून अधिक असेल, ते आपल्या देशाच्या शस्त्रविषयक नियमांप्रमाणे शस्त्र ठरते. परंतु तेच पाते घरगुती उपयोगाकरिता घडवलेले आहे असे म्हटले की कायदा आपली मान दुसरीकडे वळवतो आणि सुरण, लाल भोपळा व गृहस्थाची डावी तर्जनी या तिन्ही चिजा बिनदिक्कत त्याच्या हवाली करतो. तलवार बाळगणाऱ्याच्या दारी फौजदार येतो. सुरी बाळगणाऱ्याच्या मागे फक्त पत्नी येऊन उभी राहते, आणि तिची चौकशीही 'कांदा झाला का चिरून?' या एका प्रश्नापलीकडे जात नाही. राज्यव्यवस्थेतील या ढिलाईचे गांभीर्य मला उभ्या नोकरीत कधी जाणवले नव्हते, कारण अव्वल कारकुनाच्या हाती टाकाखेरीज दुसरे टोकदार हत्यार येत नाही, आणि टाकाने जी माणसे कापली जातात ती नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूस उभी असतात.

निवृत्तीनंतर मात्र टेबलाची ही सोयीस्कर आड नाहीशी झाली. "अहो, तेच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा भाजी चिरून दिलीत तर माझा एक हात मोकळा होईल," असे सौभाग्यवतीने एके सकाळी फर्मावले. हुकूम तोंडी होता. तोंडी हुकमाची तामिली करू नये हा माझा जन्माचा शिरस्ता. परंतु असला हुकूम पत्नीपाशी लेखी मागणारा पुरुष माझ्या तरी पाहण्यात नाही. सबब मी मुदपाकखान्यात रुजू झालो, आणि रुजू होताच कोणताही जबाबदार अंमलदार जे करील तेच केले. म्हणजे भाजीस हात न लावता प्रथम सर्व हत्यारांची मोजदाद केली आणि मग बोटांच्या सुरक्षिततेविषयी एक सविस्तर टिपण लिहावयास बसलो. त्या दिवशी भाजी सूनबाईने चिरली.

मोजदादीत अग्रमान विळीचा. सुरीच्या अमलात भाजी स्थिर राहते आणि पाते फिरते. विळीच्या अमलात पाते आपल्या जागी ठाम असते आणि भाजीस त्याच्या दरबारी हजर व्हावे लागते. धार कोठे आहे याविषयी एकदा हातांची खात्री पटली की ती धार आयुष्यभर तेथेच सापडते, म्हणूनच आमच्या मातोश्री विळीच्या पाटावर पाय दाबून बसल्या की मेथीची जुडी चिरता चिरता, पात्याकडे दृष्टीही न टाकता, आळीतील झाडून साऱ्या लग्नांच्या याद्या, त्यांतील मानपान आणि त्या मानपानावरून झालेले रुसवे यांची इत्थंभूत कैफियत देत असत, आणि मेथीच्या ढिगात मेथीखेरीज दुसरे काही आढळत नसे. मलाही विळीवर बसण्याची हौस होती; परंतु त्या बैठकीस गुडघ्यांची जी लवचीकता लागते ती माझ्यापाशी शिल्लक नव्हती, कारण वाकण्याची माझी सारी पुंजी वरिष्ठांसमोर खर्ची पडली होती. कसाबसा बसलो तेव्हा उठवण्यास दोन माणसे लागली, आणि उठताना पाय विळीकडे जाऊ नये म्हणून तिसरे माणूस विळी मिटून उभे राहिले. काम होताच विळी मिटून आडवी ठेवावी, आणि सुरी कोणाच्या हाती परस्पर देऊ नये, दिल्यास भांडण होते, हे आमच्या आजीचे दोन दंडक होते. भांडणाचे मला ठाऊक नाही. परंतु सुरी खाली ठेवावी व दुसऱ्याने ती मुठीकडून उचलावी हा नियम शकुन-अपशकुनाच्या मोहरेखाली ज्या कोणी घरोघर रूढ केला, त्यास राज्यकारभार कळत होता हे निश्चित. नुसत्या हितासाठी पाळलेला नियम आपल्याकडे आठवडाभरही टिकत नाही.

विळी याप्रमाणे बरखास्त झाल्यावर सुरी आणि लाकडी फळा यांचा अंमल सुरू झाला. शेजारी एक निवृत्त अभियंते राहतात. ज्या विषयात आपणास कोणी विचारलेले नाही त्या विषयातच त्यांचे ज्ञान विशेष बहरते. ते दारातूनच म्हणाले, "फळ्याखाली आधी ओले फडके घाला. फळा सरकला की भाजी सरकते, भाजी सरकली की सुरी घसरते, आणि सुरी घसरली की..."

"समजले," मी म्हणालो.

"आणि बटाटा वाटोळा असताना कधी चिरू नका. आधी दोन फाकी करा, सपाट बाजू खाली टेकवा, मग तो कोठे जातो ते पाहू."

हा उपदेश अत्यंत रास्त होता, आणि तो देत असताना ते एवढे पुढे सरसावले होते की त्यांचाच हात माझ्या फळ्यावर आला होता. बोटे कापण्याचा एक मोठा वाटा मला वाटते सल्लागारांच्या खाती पडावयास हवा. कारण एकटा मनुष्य कांदा चिरतो, परंतु चार माणसे पाहत असली की तोच मनुष्य कांदा चिरण्याचे प्रात्यक्षिक करतो. सुरीचा वेग वाढतो, मान ताठ होते, नजर प्रेक्षकांकडे जाते, आणि पाते ज्या ठिकाणी असावयास हवे त्याच्या दोन पेरे अलीकडे उतरते.

परंतु सर्व नियमांचा मुकुटमणी म्हणजे पंज्याचा नियम. भाजी धरणाऱ्या हाताची बोटे टोकाशी आत वळवावीत, अंगठा त्यांच्या मागे दडवावा, पात्याची सपाट बाजू मधल्या बोटाच्या पेराला टेकवून सुरी खालीवर करावी, आणि धार त्या पेराहून वर कधी उचलू नये. म्हणजे पाते पेरावरून घसरत राहते आणि बोटांची टोके त्याच्या वाटेलाच येत नाहीत. जपानात लहान मुलांना हाच धडा 'मांजराचा हात' म्हणून शिकवतात. ऐकावयास हे इतके सुगम आहे की ते मला का साधू नये याचा मी पुष्कळ विचार केला, आणि अखेर दोष हाताचा नसून एकट्या तर्जनीचा आहे असा निष्कर्ष निघाला. बाकीची बोटे निमूटपणे आत जातात. तर्जनीची मात्र उभी हयात बाहेर राहण्यात गेलेली. तिने कनिष्ठ कारकुनांच्या टिपणांतील ऱ्हस्वदीर्घ दाखवले, भाजीवाल्याच्या तराजूवर रोख धरला, वरच्या मजल्यावरून ओघळणारे पाणी सोसायटीच्या चिटणिसांच्या नजरेस आणले, आणि वधूवरांच्या पत्रिकांत मंगळ कोठे बसला आहे तेही सांगितले. अशा अधिकारी बोटास एकाएकी 'आत वळ' म्हणणे म्हणजे त्याची पदावनती करणे होय. मांजरास हा पंजा सहज साधतो, कारण मांजर कोणाच्या चुका दाखवीत नाही.

याचा पडताळा लवकरच आला. गाजर चिरीत असताना नालेसफाईचा विषय निघाला. बोटे यथाशास्त्र आत वळलेली होती. परंतु पावसाळ्याआधी कोणते काम कोणी करावयास हवे होते हे सांगण्याची वेळ येताच डावी तर्जनी आपल्या पूर्वीच्या हुद्द्यावर तडक हजर झाली, आणि सुरी खाली आली. ईश्वरकृपेने नखावर निभावले. नखाची ती बारीकशी चंद्रकोर कोशिंबिरीत दाखल झाली असावी. ती कोणाच्या पानात गेली याचा तपास मी मुद्दामच केला नाही.

या घटनेनंतर सूनबाईने माझ्या हिताकरिता घरातील सर्वांत बोथट सुरी माझ्या नावे करून दिली. बोथट सुरी निरुपद्रवी असते हा समज सर्व सुशिक्षित घरांत दृढ आहे, आणि त्याच्याइतका घातक समज दुसरा नसेल. धारदार पाते टोमॅटोच्या सालीत उतरते. बोथट पाते सालीवरून घसरते, मग मनुष्य चिडतो, चिडून जोर लावतो, आणि तो जोर टोमॅटो स्वीकारीत नाही म्हणून जो कोणी जवळ असेल त्यास स्वीकारावा लागतो. कांद्याच्या बाबतीत तर अनर्थ दुहेरी होतो. बोथट पात्याने कांदा कापला न जाता चिरडला जातो, त्याच्या अधिक पेशी फुटतात, डोळ्यांस झोंबणारा तो वायू अधिक सुटतो. आणि एक पेन्शनर डबडबलेल्या डोळ्यांनी, सर्व शक्ती पणास लावून, समोर काय आहे ते न दिसता प्रहार करीत आहे, असा प्रसंग उभा राहतो. हे सर्व सुरक्षिततेच्या नावाखाली.

अखेर धारवाल्यास पाचारण केले. त्याने सायकल स्टँडवर चढवली, पायडल मारून दगडाचे चाक फिरवले, ठिणग्या उडवल्या, आणि माझ्या सुरीस तिची विसरलेली जात आठवून दिली. 'धार आली का?' हा प्रश्न मग घरात निघाला. या प्रश्नाचे उत्तर टोमॅटोकडून मिळू शकते, कागदाच्या तुकड्याकडून मिळू शकते. परंतु मनुष्यजातीचा विश्वास केवळ स्वतःच्या अंगठ्यावर असतो. प्रथम मी पात्यावर अंगठा फिरवला, नंतर सूनबाईने, नंतर अभियंत्यांनी, आणि धार आली असल्याची खात्री प्रत्येकास व्यक्तिशः पटली. धारवाला शांतपणे पैसे मोजीत होता. त्याचा अंगठा मात्र शाबूत दिसला.

निसटलेल्या सुरीविषयीचा नियमही असाच सर्वमान्य आणि सर्वभंग्य आहे. सुरी हातून सुटली तर ती झेलू नये. हात वर घ्यावे, पाय मागे घ्यावे आणि तिला जमिनीवर पडू द्यावे. परंतु ज्या प्रांतात प्रत्येक गृहस्थ कधी ना कधी आळीच्या संघात क्षेत्ररक्षणास उभा राहिलेला असतो, आणि तेथे सुटलेला झेल चाळीस वर्षांनंतरही त्याच्या बायकोस ऐकवला जातो, तेथे खाली येणारी वस्तू निमूट पडू देण्याचा संयम कोठून आणावा? मी झेप घेतली. सुरी पडली ती माझ्या हातात नव्हे, चपलेत. आणि चपलेत त्या क्षणी सुदैवाने मी नव्हतो.

हा वृत्तांत परदेशी असलेल्या धाकट्या चिरंजीवांच्या कानी गेला, आणि त्यांनी तिकडून खास हातमोजे धाडले. या मोज्यांच्या अमेरिकेत प्रतवाऱ्या आहेत. पात्यास ते किती दाद देतात त्यावरून ए १ पासून ए ९ पर्यंत त्यांची श्रेणी लावतात, आणि तरीही कोणताही मोजा अभेद्य नसून केवळ चिवट आहे, टोचणाऱ्या टोकापुढे त्याचा इलाज नाही, हेही सांगून ठेवतात. मोजे पाहून मला पुराणकाळ आठवला. वाल्मीकींच्या रामायणात धनुर्धरांची बोटे घोरपडीच्या कातड्याच्या अंगुलित्राणांनी बंदोबस्तात ठेवलेली आढळतात. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावाने राबणाऱ्या भीमसेनाच्या बोटांची मात्र कोणी विचारपूस केल्याचे दिसत नाही. युद्धात जखम होते ती शौर्याची, स्वयंपाकात होते ती वेंधळेपणाची, हा निवाडा एवढा जुना आहे.

मोजा मी उजव्या हातात चढवला, कारण घरातील कर्ता हात तोच. त्यामुळे सुरी धरणारा हात सुरीपासून संपूर्ण सुरक्षित राहिला. नातू बराच वेळ पाहत होता. म्हणाला, "आजोबा, मोजा कापणाऱ्या हाताला घालायचा, की कापून घेणाऱ्या हाताला?"

"लहानांनी मोठ्यांच्या कामात बोलू नये," मी सांगितले, आणि तो खेळावयास गेल्यावर मोजा डाव्या हातात चढवला. पुढे त्या मोज्याने कोणीतरी तापलेला तवा उतरवला. ज्या धाग्याने पात्यास दाद दिली नव्हती तो उष्णतेपुढे वितळून तव्यास चिकटला, आणि त्या दिवशीच्या भाकरीस परदेशी वास येत होता. काकडीच्या चकत्या करण्याच्या किसणीबरोबर बोटे वाचवणारी जी मूठ मिळते, ती तर किसणी घरी आली त्याच दिवशी नातवाच्या खेळण्यांत जमा झाली होती. बोटे वाचवणारी वस्तू घरात सर्वांत आधी हरवते. बोटे कापणारी वस्तू पिढ्यानुपिढ्या टिकते.

आता प्रत्यक्ष जखमेविषयी. कापलेल्या बोटाचे मोल रक्तावरून ठरत नाही. ते बोट कोणाचे आहे यावरून ठरते. सौभाग्यवतीचे बोट कापले तर ती ते नळाखाली धरते, चिंधी गुंडाळते, आणि मोहरी करपण्यापूर्वी फोडणीवर परत येते. या प्रकरणाची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. तिच्या बोटांवर अशा कितीतरी बारीक रेघा आहेत, आणि त्यांपैकी एकीचाही दिनांक मला सांगता येणार नाही. याच्या उलट माझी हाक ऐकून एके दिवशी सगळे घर धावत आले तेव्हा मी खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो, दोन्ही तळवे लालभडक झाले होते, फळ्यावरून लाल ओघळ जमिनीकडे चालला होता, आणि विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत ते मी क्षीण स्वरात सांगू लागलो होतो. अभियंते नाडी पाहू लागले. सूनबाई रिक्षा आणावयास निघाली. सौभाग्यवतीने शांतपणे माझा हात ओल्या फडक्याने पुसला, उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाली, "अहो, हे बीट आहे."

पंचनामा तेथेच आटोपला. जमलेल्या मंडळींच्या मुद्रेवर जी किंचित निराशा पसरली तिच्यात माझाही वाटा होता.

खरी जखम झाली ती लोणच्याच्या दिवसांत. बाजारात बसणारे लोक मोठ्या अडकित्त्याने कैरी कोयीसकट फोडून देतात. परंतु त्यांची मजुरी वाचवण्याकरिता मी ती कोय घरीच जिंकावयास निघालो. त्यानंतरचा अर्धा तास उपचारांच्या उमेदवारांनी गजबजला. एकाने हळद आणली, दुसऱ्याने कॉफीची पूड, तिसऱ्याने तुरटी, चौथ्याने पान खाता खाता चुन्याची डबी पुढे केली. डॉक्टरांनी हे सारे धुऊन टाकण्यात पुष्कळ वेळ घालवला, आणि मग जे सांगितले त्यात घरच्या वैद्यांपैकी कोणासही मानाचे स्थान नव्हते. स्वच्छ वाहत्या पाण्याखाली बोट धुवावे, स्वच्छ फडक्याने सलग दहा मिनिटे दाबावे, हात उंच धरावा. बोट बधिर झाले, वळेनासे झाले किंवा जखमेचे तोंड मिटेना तर तडक दवाखाना गाठावा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवून ठेवावे. यांतील कठीण कलम दहा मिनिटांचे. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी फडके दर अर्ध्या मिनिटाने उघडणे, आणि उघडल्यामुळे रक्त पुन्हा वाहू लागले की 'अजून थांबत नाही' म्हणून चिंता करणे, याचा मोह आवरेल असा जखमी पुरुष जन्मास यावयाचा आहे.

डॉक्टरांनी लावलेल्या चिकटपट्टीचा इतिहास मी नंतर वाचला, आणि त्याने मला फार धीर दिला. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात अर्ल डिक्सन नावाचे गृहस्थ एका कंपनीत कापूस खरेदीच्या कामावर होते. त्यांच्या पत्नी जोसेफिन यांची बोटे स्वयंपाक करताना सारखी कापत आणि भाजत. हे पाहून १९२० साली या कनवाळू पतीने चिकट पट्टीवर जाळीदार कापडाच्या घड्या बसवल्या, म्हणजे पत्नीस एकटीने आपले बोट बांधता यावे. कंपनीने ती कल्पना उचलली, पट्टी बाजारात आली, जगभर गेली, आणि डिक्सन बढती घेत घेत कंपनीचे उपाध्यक्ष झाले. पत्नीची बोटे कापतात यावर त्यांनी एवढा खोल विचार केला; तिच्या हातची सुरी आपण घ्यावी हा सोपा विचार त्यांना शिवला होता किंवा कसे, याविषयी इतिहास मौन धरून आहे. त्या मौनात मला एक जिव्हाळ्याचा सहकारी दिसतो.

आम्ही पडलो पुण्याचे. बोटांच्या प्रकरणाचा निकाल कसा लागतो याचा दाखला आम्हास फार दूर शोधावा लागत नाही. १६६३ साली लाल महालात शाईस्तेखानाची बोटे तुटली तेव्हा महाराजांची माणसे आत शिरली होती ती मुदपाकखान्याच्याच वाटेने, आणि जिवावरचे बोटांवर निभावल्यावर बादशहाने खानाची बदली बंगालच्या सुभ्यावर केली. माझ्याही बाबतीत न्याय त्याच नजिराप्रमाणे झाला. सुरी व फळा यांचा कार्यभार माझ्याकडून काढून घेण्यात आला आणि माझी बदली मटार सोलण्याच्या खात्यात झाली. तेथे धार नाही, टोक नाही, आणि शेंगेतील अळीखेरीज कोणाचा विरोधही नाही.

बदली झाली तरी अनुभवी माणसाचा सल्ला वाया जाऊ नये म्हणून परवा मी मटार सोलता सोलता सौभाग्यवतीच्या हाताकडे पाहत होतो. शेवग्याच्या शेंगांवर सुरी झरझर चालली होती. "अगं, बोटे आत घे. मांजराचा हात. अंगठा मागे," मी म्हणालो.

तिने हात थांबवला, सुरी खाली ठेवली, मूठ माझ्याकडे येईल अशी वळवली, आणि म्हणाली, "या, दाखवा."

मटारांचा ढीग अद्याप पुष्कळ शिल्लक होता, आणि नेमून दिलेले काम अर्धवट टाकून दुसऱ्या खात्यात ढवळाढवळ करणे सेवाशर्तींत बसत नाही, हे मी तिला मुद्देसूद समजावून सांगितले. सांगता सांगता तर्जनी सवयीप्रमाणे पुढे झाली आणि तापल्या कढईस टेकली. भाजण्यापासून बोटांचा बचाव या विषयावरील टिपणास मी त्याच दुपारी आरंभ केला.